मला गुडघा दुखतो

दर रविवारी रात्री साडेनऊच्या सुमारास स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाहून मुलाचा फोन येतो. उन्हाळ्यात तिकडे तेव्हा सहा वाजलेले असतात आणि हिवाळ्यात पाच. म्हणजे आमचे जेवण उरकून ओटा पुसून झालेला असतो आणि त्यांची संध्याकाळ अजून धड सुरूही झालेली नसते. फेब्रुवारीतल्या एका रविवारी फोन उचलला तो रडण्याच्या आवाजानेच. पडद्यावर माणूस नव्हतेच, नुसता एक गुडघा होता. खरचटलेला, वाळूचे कण चिकटलेला, मधोमध रक्ताचे तीन-चार बारीक ठिपके वर आलेले, आणि कॅमेऱ्याच्या इतक्या जवळ आणलेला, की हा गुडघा आहे हे कळायलाच क्षणभर लागला. मग तो खाली गेला आणि त्याच्या मागून माझ्या साडेचार वर्षांच्या नातीचे लाल, भिजलेले तोंड वर आले. "मे दुएले, आजी, मे दुएले!" मला दुखतंय.

मी तेव्हा आठ महिने स्पॅनिश शिकत होते. शब्द पाठ होते, क्रियापदांचे तक्ते वहीत रेघा मारून लिहिलेले होते, आणि खऱ्या प्रसंगी काहीतरी बोलून दाखवण्याची ही पहिलीच संधी होती. मला विचारायचे होते, "खूप दुखतंय का तुला?" त्याला 'ते दुएले मूचो' एवढे तीन शब्द पुरतात. घाईत 'ते'च्या जागी 'मे' गेले आणि मी, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, अत्यंत काळजीच्या सुरात नातीला विचारले, "मला खूप दुखतंय का?" ती रडायची थांबली. एक हुंदका अर्धवटच राहिला. तिने डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "आ ती ताम्बिएन?" तुलासुद्धा? मी काही उत्तर देण्याआधीच तिने तोंड फोनच्या अगदी जवळ आणले आणि माझ्यावर फुंकर घातली. पलीकडची काच धूसर झाली. मागून मुलाचे हसणे ऐकू आले, "आई, 'ते' म्हण, 'ते'!" मीही हसले, आणि विषय निघून गेला.

माझ्या मनातून मात्र तो गेला नाही.

चूक एका अक्षराची होती आणि तशा चुका मी रोज करते, त्यामुळे तिची लाज वाटण्याचे कारण नव्हते. सलत होते ते वेगळेच. 'मे दुएले ला रोदिया', म्हणजे शब्दाला शब्द ठेवून 'मला दुखतो गुडघा', हे वाक्य मी पूर्वी कुठेतरी ऐकले आहे, नुसते ऐकलेच नाही तर बोलले आहे, आणि ते बोलल्याबद्दल मार नाही तरी मारासारखे काहीतरी खाल्ले आहे, असे वाटत राहिले. रात्री दिवा मालवल्यावर ते वाक्य स्पॅनिशमधून हळूहळू बाहेर पडले आणि ज्या भाषेत ऐकले होते त्या भाषेत जाऊन बसले.

त्याआधी वर्गाची गोष्ट सांगायला हवी. माझी शिक्षिका तिकडचीच, माझ्या मुलाहूनही लहान, आणि पडद्यावरून आठवड्यात दोनदा भेटणारी. ती मला सरळ 'तू' म्हणते. तिकडे तशी रीत आहे आणि पहिल्या दोन तासांनंतर मलाही ते आवडू लागले. अवयवांचा धडा आला तेव्हा मी आदल्या दिवशी शब्द पाठ करून गेले होते. तिने विचारले, आज कशी आहेस? मी तयारीचे वाक्य टाकले, 'मी काबेथा दुएले'. स्पॅनिशमध्ये 'मी' म्हणजे माझे आणि 'मे' म्हणजे मला, ही एक गंमतच आहे. मराठी माणसाच्या तोंडात हे दोन शब्द सतत एकमेकांच्या खुर्चीवर जाऊन बसतात. माझ्या मते मी 'माझे डोके दुखते' हे निर्दोष वाक्य बोलले होते. ती हसून म्हणाली, समजले, पण असे कोणी म्हणत नाही. 'मे दुएले ला काबेथा' म्हणायचे. मी विचारले, यात 'माझे' कुठे आहे? त्यावर ती म्हणाली, "डोके तुझेच आहे ना? दुसऱ्या कोणाचे डोके तुला दुखणार? मग 'माझे' कशाला म्हणायचे?"

हे स्पॅनिशचे सगळ्याच अवयवांच्या बाबतीत असते. हात धुतले, दात घासले, पाय मोडला, केस विंचरले, यांत कुठेही 'माझा', 'माझे' येत नाही. 'मला' किंवा 'स्वतःला' असा एक छोटा शब्द पुढे येतो आणि मालकी तिथेच सांगून मोकळा होतो. दुखण्याचे क्रियापद माणसाकडे पाहतच नाही, दुखणाऱ्या अवयवाकडे पाहते. एक पाय दुखला तर 'दुएले', दोन्ही दुखले तर 'दुएलेन'. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणारी माणसे इथे बरीच अडखळतात म्हणे. मला ते अवघड जायला नको होते, कारण 'मे गुस्ता' म्हणजे 'मला आवडते' हे मराठी माणसाला समजावून सांगावेच लागत नाही. आंबा आवडतो, आंबे आवडतात, क्रियापद आंब्यांच्या मागे जाते आणि आपण 'मला' म्हणून बाजूला उभे राहतो. अडखळले ते फक्त दुखण्यापाशी. तिथे जीभ जणू कोणी मागून धरत होते.

धरणारी माझी आजी होती.

आम्ही दांडिया बाजारातले. आजी लग्न होऊन पुण्याहून बडोद्यात आलेली, आणि पन्नास वर्षे इथे काढूनही तिने आपल्या मराठीला बडोद्याचे वारे लागू दिले नव्हते. आम्हा मुलांची गोष्ट निराळी होती. गल्लीत, मैदानात, वाण्याकडे, सगळीकडे गुजराती. घरात यायचे ते जिभेवर तीच चव घेऊन. आम्ही खिडकीला बारी म्हणायचो, चुकलेल्या गणिताला खोटे म्हणायचो, आणि उन्हातून खेळून आलो की दारातूनच ओरडायचो, "मला डोकं दुखतंय!" गुजरातीत 'मने माथुं दुखे छे' म्हणतात, त्याची ही मराठी कापडातली शिवण होती. आजी हातातले काम थांबवायची. मी लहान असताना तिने मला एकदा न्हाणीघराच्या उंबऱ्यावर उभे केले होते, माझे कपाळ तापलेले, कानशिले ठणकत असलेली, आणि ती शांतपणे विचारत होती, "डोकं तुझंच आहे ना? का शेजारणीचं आहे? मग 'माझं' म्हण." 'माझं डोकं दुखतंय' असे मी नीट म्हटल्यावरच तिने सुंठ उगाळायला घेतली. त्या लेपाचा तिखट, कोमट वास आणि तो वाळताना कपाळाची ओढली जाणारी कातडी अजून आठवते. वाक्याची दुरुस्ती आणि दुखण्याचा उतार दोन्ही एकाच वाटीतून मिळाले होते.

दोघींनी विचारलेला प्रश्न एकच होता, डोके तुझेच ना. एकीने त्यावरून 'माझे' म्हणायला लावले आणि दुसरीने त्यावरूनच 'माझे' खोडायला लावले.

आजीला हट्टी म्हणून सोडून देता येत नाही. तिचा काळ तसा होता. १९४९मध्ये बडोदे संस्थान मुंबई राज्यात गेले, १९६०मध्ये आम्ही गुजरातेत आलो, आणि कचेरीतली, दरबारातली मराठी एकेक पायरी उतरत शेवटी घराच्या उंबऱ्याच्या आत येऊन बसली. त्याच बडोदे सरकारने १९३१ साली राज्यकारभारातल्या शब्दांचा आठ भाषांतला कोश छापून घेतला होता. तो कारभार गेला. घरातल्या दुखण्याखुपण्याच्या शब्दांचा कारभार तेवढा आजीच्या हाती उरला होता, आणि तो तिने शेवटपर्यंत कडक ठेवला. तिला वाटे, आज 'मला डोकं दुखतं' चालवून घेतले तर उद्या नातवंडे 'पाय'ला 'पग' म्हणतील. तिची भीती अगदीच निराधार होती असे म्हणवत नाही. आमच्याच नात्यातली दोन घरे आज पूर्ण गुजरातीत बोलतात आणि गणपतीत आरती तेवढी मराठीत म्हणतात.

तिची स्वतःची गुजराती मात्र अजब होती. मराठी शब्दाचे शेपूट तोडले की गुजराती होते, अशी तिची समजूत. एकदा अर्धशिशीने हैराण होऊन ती दवाखान्यात गेली आणि ऐटीत म्हणाली, "मारी डोक दुखे छे." गुजरातीत 'डोकुं' म्हणजे डोकेच, पण 'डोक' म्हणजे मान. कंपाउंडरने मानेला चोळायचे तेल दिले आणि उशी पातळ घ्यायला सांगितले. आजी चार दिवस निष्ठेने मान चोळत बसली. या वाक्यातही तिने 'मारी' म्हटले होते, 'मने' नाही, हे माझ्या लक्षात इतक्या वर्षांनी आले. अवयव चुकला तरी चालेल, मालकी चुकता कामा नये.

पुढे मी मराठीची शिक्षिका झाले. बडोद्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत तीस वर्षे शिकवले, आणि आजीची कोयती माझ्या हातात लाल पेन होऊन आली. 'मला डोके दुखते', 'मला पाय दुखतात', 'तिला दात दुखत होता'. दरवर्षी नवी मुले आणि तीच वाक्ये. मी 'मला'भोवती गोल करायची आणि वर 'माझे' लिहायची. हे इतके अंगवळणी पडले होते, की पुढचे वाक्य वाचण्याआधीच हात गोल काढून मोकळा व्हायचा. त्या गोलांची मला कधी खंत वाटली नाही. एक सोडून.

सातवीतला मुलगा होता. आई गुजराती, वडील मराठी, आणि स्वतः दोन्ही भाषांत कमी बोलणारा. तीन दिवस शाळेत आला नाही आणि चौथ्या दिवशी रजेचा अर्ज घेऊन माझ्या टेबलाशी उभा राहिला. आखीव कागद, समास सोडलेला, अक्षर टपोरे. 'मला पोट दुखत होते म्हणून मी शाळेत येऊ शकलो नाही.' मी सवयीने 'मला'ला गोल केला, 'माझे' लिहिले आणि कागद परत देऊन म्हटले, नीट लिहून आण. तो कागदाकडे पाहत राहिला. मग अतिशय हळू म्हणाला, "पण बाई, मलाच दुखत होतं." मागच्या बाकावरची मुले हसली, मीही हसले असावे. त्याने दुपारी नवा कागद आणला, 'माझे पोट दुखत होते', आणि मी सही केली. त्याचा चेहरा त्या दिवशी ओढलेला होता आणि तो एक हात सारखा कमरेपाशी दाबून धरत होता, हे मी पाहिले होते. आता बरे आहे का, एवढे मी विचारले नाही.

त्याचे वाक्य आता मी दुसऱ्या अंगाने तपासते, तर माझाच निवाडा डळमळतो. मराठीत भूक मला लागते, थंडी मला वाजते, ताप मला येतो, ठसका मला लागतो. आजी स्वतः रोज म्हणायची, "मला बोटाला कापलं", "मला हाताला भाजलं", "मला पायाला लागलं". यांत 'माझ्या' कुठे आहे? विळीचे पाते, तव्याची कड, चौकटीचा कोपरा, बाहेरून जे जे येते ते आधी 'मला' होते आणि मग अवयवाचा पत्ता सांगितला जातो. 'मला पोटात दुखते' हेही आपण खुशाल म्हणतो. म्हणजे त्या मुलाच्या 'पोट'ला एक 'ात' जोडला असता तरी अर्ज सुटला असता. मी वाक्याचे डोके उडवले, शेपटाला टाका घालायचा होता. नुसते 'दुखणे' तेवढे प्रमाण मराठीने अवयवाच्या नावावर चढवले आहे. डोके दुखते, ते त्याचे ते दुखते. आपण त्याचे मालक, म्हणून 'माझे'. गुजराती या बाबतीत भूक आणि दुखणे यांना एकाच पंगतीला बसवते. दोन्ही तुमच्याकडे येतात आणि येताना अमुक ठिकाणी येतात. मला विचाराल तर तापलेल्या पोराच्या तोंडून तेच जास्त खरे वाटते. पण हेही खरे, की मी आज पुन्हा वर्गात उभी राहिले तर कदाचित पुन्हा गोल करीन. तीस वर्षांचा हात आहे.

या एका वाक्याने मला स्पॅनिश अवयवांच्या मागे लावले आणि मग मी व्याकरण बाजूला ठेवून नुसते शब्दच न्याहाळू लागले. बोटांपाशी आनंद झाला. इंग्रजी हाताच्या बोटांना एक शब्द देते आणि पायाच्या बोटांना दुसरा. स्पॅनिशमध्ये आपल्यासारखेच, 'देदो' म्हणजे बोट, मग ते हाताचे असो नाहीतर पायाचे. अंगठ्याजवळच्या बोटाला ते दाखवण्यावरून नाव देतात, आपण तर्जन म्हणजे धाक घालण्यावरून, तर्जनी. मधल्या बोटाला स्पेनमध्ये हृदयाचे बोट म्हणतात, 'देदो कोराथोन'. चौथे अंगठीचे. आपण मात्र ज्या बोटात अंगठी घालतो त्यालाच अनामिका, बिननावाची, म्हणून ठेवले आहे. हातापायांच्या बाबतीत आपण सैल आहोत. खांद्यापासून नखापर्यंत सगळा हातच, आणि कमरेखाली टाचेपर्यंत सगळा पायच. तिकडे मनगटापर्यंतचा 'ब्राथो' निराळा आणि त्यापुढचा 'मानो' निराळा, घोट्यापर्यंतची 'पिएर्ना' निराळी आणि खालचे पाऊल, म्हणजे 'पिए', निराळे. त्यातही 'मानो' शेवटी 'ओ' असून स्त्रीलिंगी, लॅटिनमधूनच तशी आलेली. मी तिला अजून दहातून चार वेळा पुल्लिंगी करते. शिक्षिका ओरडत नाही, फक्त भुवई उचलते. भुवईला 'थेखा' म्हणतात, हा शब्द मी असा तिच्या कपाळावरूनच शिकले.

कानाने फजिती केली. थंडीत कान ठणकत होता आणि मी वर्गात म्हटले, 'मे दुएले ला ओरेखा'. तिने काळजीने विचारले, डूल ओढला गेला का? 'ओरेखा' म्हणजे बाहेरून दिसणारा, पिरगाळता येतो तो कान. आत ठणकतो, ऐकतो, दडे बसतो तो 'ओइदो'. तिथे दुखणे कोणाला होते हे एकाच शब्दात भागले, पण कुठे होते हे मात्र बारकाईने सांगावे लागते. माणसाचा पाय आणि जनावराचा पायही ते वेगळा ठेवतात. कुत्र्यामांजराच्या आणि टेबलाखुर्चीच्या पायाला 'पाता' म्हणायचे, माणसाच्या पायाला म्हटले तर ते आपल्या 'तंगडी'सारखे ऐकू येते. हे बडोद्यातल्या माणसाला लगेच कळेल. आपला सालस मराठी 'डोळा' गुजरातीत गेला की बटबटीत होतो. 'डोळा काढवा' म्हणजे डोळे वटारणे, साध्या पाहण्याला तिथे 'आंख' लागते. माझ्या आजीने शेजारच्या बाळाच्या 'सुंदर डोळां'चे कौतुक केले होते आणि त्याच्या आईचा चेहरा पडला होता, ती कथा घरात पिढ्यान्‌पिढ्या चालली आहे.

आणि बाहुली. 'मुन्येका' हा शब्द मी नातीमुळे आधीच शिकले होते, खेळण्यातली बाहुली म्हणून. मग अवयवांच्या यादीत तोच शब्द मनगटासमोर लिहिलेला दिसला आणि मला वाटले, छापताना चूक झाली. चूक नव्हती. तिकडे मनगट म्हणजेही बाहुलीच. आपली बाहुली डोळ्यात असते, काळ्या बुबुळाच्या मधोमध. मग त्यांच्या डोळ्यात काय असते म्हणून शोधले, तर 'निन्या', लहान मुलगी. संस्कृतातली कनीनिकाही तीच, डोळ्यातली छोटी मुलगी, आणि तोच शब्द करंगळीलाही चालतो. समोरच्याच्या डोळ्यात आपले बोटाएवढे प्रतिबिंब दिसते त्यावरून हे शब्द पडले असणार. रविवारी नात फोनच्या अगदी जवळ येते तेव्हा तिच्या डोळ्यात मी पाहते. तिथे मी दिसत नाही, फोनचा उजळ चौकोन दिसतो. त्या चौकोनात मी असेन.

ती पडली होती गलिव्हरच्या पोटरीवरून. व्हॅलेन्सियाच्या मधून पूर्वी तुरिया नदी वाहत होती. १९५७च्या महापुरानंतर तिला शहराबाहेरून वळवले आणि कोरड्या पात्रात लांबच लांब बाग केली. आमच्या विश्वामित्रीला पूर आला की मगरी सोसायट्यांच्या फाटकाशी येतात आणि आम्ही पाणी उतरण्याची वाट पाहतो. त्यांनी नदीच उचलून बाजूला ठेवली. त्या बागेत गोष्टीतल्या गलिव्हरचा सुमारे ७० मीटर लांबीचा पुतळा दोरांनी जखडून उताणा पडलेला आहे आणि मुले त्याच्या अंगावर चढतात. केसांवरून घसरगुंडी, कोटाच्या चुण्यांवरून घसरगुंडी, दंडावर पायऱ्या. माझी नात अवयव तिथे शिकली. हात ही तिच्या दृष्टीने चढायची जागा आहे, केस ही घसरायची, आणि गुडघा म्हणजे जिथून खाली पाहिले की बाबा लहान दिसतो ती उंची. त्या रविवारी ती दोन गुडघ्यांच्या हिशोबात चुकली आणि स्वतःच्या गुडघ्यावर येऊन आपटली. मुलाने तिला उठवताना, बडोद्यात आम्ही सगळ्या पडलेल्या पोरांना सांगतो तेच सांगितले, "मुंगी मेली बघ!" सुनेने जखमेवरून हात फिरवत त्यांचे गाणे म्हटले, 'साना, साना, कोलीता दे राना', बरी हो, बरी हो, बेडकाच्या शेपटे, आज नाही झालीस तर उद्या होशील. बेडकाला शेपूट नसते आणि मुंगी मेलेली नसते. पोर मात्र दोन्हींवर विश्वास ठेवून उठते.

'रोदिया' हा शब्द लॅटिनमधल्या छोट्या चाकावरून आला आहे. आपण गुडघ्यात वाटी ठेवली, त्यांनी चाक. माझी डावी वाटी गेली चार वर्षे झिजत आहे. हे मी मुलाला सांगितलेले नाही. तो लांब राहतो, काळजी करीत बसतो, आणि काळजीने वाटी भरून येत नाही. डॉक्टरांना सांगते ते गुजरातीत, 'मने घूंटण दुखे छे', आणि सांगताना जीभ मुळीच अडखळत नाही. घरी आल्यावर यांनी विचारले की मी म्हणते, काही नाही, गुडघा जरा कुरकुरतो. मराठीत मी गुडघ्याविषयी शेजाऱ्यासारखी बोलते. त्याचे तो कुरकुरतो, मी आपली पोळ्या लाटते. त्या रविवारी नातीने "तुलासुद्धा?" विचारले तेव्हा व्याकरण चुकलेल्या माझ्या वाक्याला तिने सरळ खरे मानले होते. आणि ते खरेच होते. चार वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कोणीतरी असा सरळ विचारला होता आणि मी तो हसून घालवला.

मागच्या रविवारी फोन आला तेव्हा तिच्या गुडघ्यावरची खपली निघून गेली होती आणि तिथे गुलाबी, चकचकीत कातडी आली होती. ती मला दाखवून झाल्यावर तिने एकदम विचारले, "ई आ ती?" आणि तुला? ती विसरली नव्हती. मुलगा मागे भांडी लावत होता. मी मनातल्या मनात 'मे' आणि 'ते' नीट लावून घेतले, 'रोदिया' स्त्रीलिंगी आहे हे आठवले, आणि सावकाश म्हणाले, "सी. मे दुएले ला रोदिया. ला इथ्क्येर्दा." हो. मला गुडघा दुखतो. डावा.

भांड्यांचा आवाज थांबला. मुलगा पडद्यात आला, टॉवेलला हात पुसत, आणि आधी माझ्याकडे आणि मग खाली, जिथे माझा गुडघा असायला हवा तिकडे पाहू लागला, जसा काही तो त्याला दिसणार होता. "कधीपासून, आई?" मी म्हटले, सांगते. तेवढ्यात नातीला तिच्या आवडीचा खेळ आठवला. एखादी गोष्ट आईच्या भाषेत सांगून झाली की ती बाबाच्या भाषेत लावून पाहते. ती आमच्या दोघांच्या मध्ये तोंड घालून, एकेक शब्द मोजत, मराठीत म्हणाली, "आजी म्हणते, मला गुडघा दुखतो."

"मला नाही, बाळा, माझा," मुलगा म्हणाला. तो माझ्याच वर्गात शिकलेला आहे. "माझा गुडघा..."

"राहू दे," मी म्हटले.

तिने दोघांकडेही लक्ष दिले नाही. फोन हातात घेतला, खाली नेला, पडद्यावर क्षणभर तिचे मनगट, मग फरशी, मग नुसता अंधार दिसला, आणि फुंकरीचा आवाज आला.